सिगारला ओल येईपर्यंत

डॉक्टर म्हणाले, "आता घरी घेऊन जा. जे खावंसं वाटेल ते द्या, कशालाही नाही म्हणू नका." प्रेमिलाला वाटलं, चला, सुटलं एकदाचं पथ्य! बिनमिठाचं वरण आणि उकडलेला दुधी भरवून भरवून ती स्वतःच विटली होती. तिच्या मुलीला, पायलला, मात्र त्या बोलण्याचा अर्थ तिथंच कळला. तिनं दवाखान्याच्या पायऱ्यांवर आईचा दंड धरला तो सोडेचना. मग पायऱ्या उतरता उतरता प्रेमिलालाही कळलं. बऱ्या होणाऱ्या माणसाबद्दल 'कशालाही नाही म्हणू नका' असं कोण म्हणतं हो?

धम्मानंद, म्हणजे प्रेमिलाचा नवरा, जन्मभर कोराडीच्या वीज केंद्रात ऑपरेटर होता. रिटायर झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडलं आणि हुडकेश्वरला प्लॉटवर तीन खोल्या बांधल्या, पुढे बसायला ओटा. त्या ओट्यावर म्हातारपणी निवांत बसायचं म्हणत होता. बसला असेल दहा-अकरा वर्षं. मग लिव्हरमध्ये गाठ निघाली, ती डॉक्टरांना दिसली तेव्हा फार पुढे गेली होती. पायलला बाजूला घेऊन त्यांनी महिना पकडून चाला असं सांगितलं होतं, ते तिनं रात्री आईच्या कानावर घातलं.

घरी आणल्यावर जो तो काहीतरी खायला घेऊन आला. प्रतापनगरहून पायल रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की स्कूटीवर यायची, तिनं सावजीचा रस्सा आणला. कोराडीचे जुने शेजारी वामनराव दोन बस बदलून तर्री-पोहे घेऊन आले आणि ते गार झाले म्हणून स्वतःच हळहळत बसले. धम्मानंदनं सगळ्यांचं मन राखायला बोटभर चाटलं आणि ताटली बाजूला सारली.

"मंग का खाता जी? तोंडानं सांगा तरी," प्रेमिला वैतागून म्हणाली.

"खायचं काही नाही वं. संघाचा डबा काढ."

प्रेमिला उगीच चादर नीट करू लागली. "कोणता डबा?"

"सिगारचा. नाटक नको करू."

संघपाल म्हणजे त्यांचा मुलगा, पायलचा थोरला भाऊ. मालवाहू जहाजावर इंजिनचं काम करायचा. सहा-सात महिने समुद्रावर, मग दोन महिने घरी. शेवटचा घरी आला तेव्हा बापासाठी लाकडी डब्यात पाच सिगार घेऊन आला होता. बोटाएवढे जाड, तपकिरी, एकेकाच्या कमरेला सोनेरी कागदाचा पट्टा. कुठल्याशा बंदरातल्या दुकानात तासभर उभा राहून, एकेक नाकाला लावून त्यानं ते निवडले होते. "बाबा, तुमच्या बिड्या सोडा आता, हे ओढून पाहा," म्हणाला होता. धम्मानंदनं डबा हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि कपाटात ठेवून दिला. आज ओढतो, उद्या ओढतो करता करता संघपालची सुट्टी संपली.

मग जहाजावरून फोन आला. फोन स्पीकरवर होता, प्रेमिला भाकरी थापत ऐकत होती.

"बाबा, ओढला का सिगार?"

"ओढला ना."

"कसा वाटला?"

"काही दम नाही गा त्याच्यात. आपली बिडी बरी."

खोटं! डब्याचं सीलसुद्धा फोडलं नव्हतं. पोरगा परत येईल तेव्हा बापलेक ओट्यावर बसून ओढू, असं त्याच्या मनात होतं. पण ते पोराला सांगणार कसं? "तुझ्यासाठी ठेवला आहे रे" असं म्हणायला आपल्याकडच्या बापांची जीभ वळते का कधी? त्यापेक्षा शिवी देणं सोपं वाटतं त्यांना. संघपाल हसला, पण ते हसू प्रेमिलाला काही बरं वाटलं नाही. "ठीक आहे बाबा, पुढच्या खेपेले बिडीच आणतो तुमच्यासाठी," म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात कंपनीचा फोन आला. इंजिनरूममध्ये वाफेचा पाइप फुटला होता. संघपाल आला तो खिळे ठोकलेल्या लाकडी पेटीत, आणि पेटी उघडू नका असं सोबतच्या माणसांनी बजावून सांगितलं. पेटी तशीच अग्नीला दिली. प्रेमिलानं पोराचं तोंड पाहिलं नाही. धम्मानंदनं त्या दिवसापासून बिडी सोडली, आणि कपाटातला तो डबा नऊ वर्षांत कोणी हलवला नाही. प्रेमिला फक्त दर रविवारी वरची धूळ पुसायची.

"मी नाही काढत," ती म्हणाली. "पंचशील घेतलं ना तुमी? आता या वक्ताले कायचं व्यसन सुचून राहिलं?"

"पाचवं शील दारूचं हाय. त्यात सिगार कुठं लिवला हाय ते दाखव मले."

"दाखवायले विहारातून भन्तेजींले बोलावू का?"

"बोलाव. त्याईलेही एक देऊ."

ती हसली नाही. ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उगीच भांडी घासू लागली. तिला त्या डब्याला हात लावू द्यायचा नव्हता, बस. संघपालनं आपल्या हातानं निवडलेलं, आपल्या हातानं घरात आणून ठेवलेलं, जसंच्या तसं राहिलेलं असं त्या घरात तेवढंच होतं. ते जाळून त्याची राख करायची? कोणत्या आईला बघवेल? राखेचा तिला तसाही वीट आला होता, कोराडीला असताना वाळत घातलेल्या कपड्यांवरून ती जन्मभर वीज केंद्राच्या धुराड्यांची राखच झटकत आली होती.

पण धम्मानंद हट्टाला पेटला. दोन दिवस त्यानं औषधाच्या गोळ्या तोंडात घेतल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी प्रेमिला त्याच्या उशाशी येऊन बसली तेव्हा तो छताकडे पाहत बोलला, "पोरगा नाराज होऊन गेला वं प्रेमिला. एवढ्या हौसेनं आणलं, आन मी न ओढताच नावं ठेवली. नऊ वर्सं झाले, मले ते गिळता येऊन नाही राहिलं. एकडाव ओढू दे. मंग खरं काय ते सांगतो त्याले."

"कोणाले सांगता जी? मेल्यावर काही राहत नाही म्हणून तुमीच तं विहारात भाषण देत होते."

"पोरगा नसन राहिला," धम्मानंद म्हणाला. "बाप तं राहिला ना अजून."

प्रेमिलानं पदरानं डोळे पुसले, कपाट उघडलं आणि डबा आणून त्याच्या छातीवर ठेवला.

सील धम्मानंदनंच नखानं फोडलं. झाकण उघडलं तसा लाकडाचा वास आला, अगदी बारीक. तंबाखूचा वास जवळजवळ उडूनच गेला होता. नऊ उन्हाळे, तेही नागपूरचे! एप्रिल-मेत इथं दाराची लाकडं तडकतात, तिथं पानाची काय कथा. प्रेमिलानं एक सिगार उचलला तर वरचं पान पापुद्र्यासारखं सुटून तिच्या बोटांना चिकटलं आणि आतला चुरा धम्मानंदच्या सदऱ्यावर सांडला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"वाळले," धम्मानंद म्हणाला. त्याचा आवाज एवढासा झाला होता.

"वाळले तं वाळले. मी कामठीची हाय," प्रेमिला म्हणाली. "वाळल्या पानाले वठणीवर आणणं मले शिकवू नका."

खरंच होतं ते. प्रेमिलाचं माहेर कामठीचं आणि तिथं घरोघरी बिड्या वळत. लग्न होईपर्यंत मांडीवर सूप घेऊन तिनं हजारो बिड्या वळल्या होत्या. तेंदूचं पान कडक वाळलेलं येतं, हात लावला की मोडतं. ते रात्री पाण्यात बुडवायचं, ओल्या पोत्यात गच्च गुंडाळून ठेवायचं. सकाळी ते कापडासारखं मऊ होतं, मग हवं तसं कापा नि वळा. तिनं तेच केलं. कोपऱ्यातलं एक जुनं पोतं धुतलं, पिळलं, त्यात एक सिगार ठेवला, वरून हातानं पाणी शिंपडलं आणि गुंडाळी करून माठाजवळ ठेवून दिली. झोपताना नवऱ्याला म्हणाली, "सकाळी पाहा."

सकाळी तिनं पोतं उलगडलं आणि तिच्या तोंडून "आई वं!" निघालं. सिगार फुगून मधोमध उकलला होता. वरचं पान फाटून लोंबत होतं आणि आतला तंबाखू भिजून लगदा झाला होता. बिडीत पान आधी भिजवतात, तंबाखू मागून भरतात. इथं तर सगळं आधीच भरलेलं. आतलं पोट पाणी पिऊन फुगणार आणि वरची कातडी फाटणार, एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. सवयीनं घात केला. ती तो लगदा हातात धरून स्वयंपाकघरात खालीच बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. पोरानं निवडलेला सिगार तिनं आपल्या हातानं नासवला होता.

धम्मानंद आतून ओरडला, "बिडी समजली का वं त्याले?" मग थोड्या वेळानं म्हणाला, "रडू नको. अजून तीन हायेत."

संध्याकाळी पायल आली. बाप सिगार ओढायचा म्हणतोय हे ऐकून ती आधी कपाळाला हात लावून बसली, पण मग तिनंच मोबाइलवर शोधलं. जुने, वाळलेले सिगार पाण्यात भिजवायचे नसतात, त्यांना नुसती ओलसर हवा द्यायची असते. बंद डब्यात खाली ओलं कापड, वर जाळी, जाळीवर सिगार. कापड सिगारला लागता कामा नये. रोज थोडे फिरवायचे म्हणजे एकाच बाजूनं फुगणार नाहीत, आणि रोज क्षणभर झाकण उघडायचं म्हणजे बुरशी धरणार नाही. घाई केली तर फुटतात.

"किती दिवस लागतील?" प्रेमिलानं विचारलं.

पायल मोबाइलकडेच पाहत राहिली. "तीन-चार आठवडे लिहिलं आहे."

कूलरचा तेवढा आवाज येत होता. मग धम्मानंदच म्हणाला, "मंग लावा ना कामाले! बसून काय राहिल्या?"

कणिक ठेवायचा स्टीलचा मोठा डबा निघाला. इडलीच्या साच्याची ताटली जाळी म्हणून बसली. खाली फिल्टरच्या पाण्यात भिजवून पिळलेलं सुती कापड. कूलरला प्रेमिलानं त्याच आठवड्यात वाळ्याच्या ताट्या लावल्या होत्या, त्या तिनं काढून टाकल्या. वाळ्याचा वास लागला तर सिगारचा स्वतःचा वास मरेल म्हणाली. साध्या गवताच्या लावल्या. डबा धम्मानंदच्या खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला.

आणि काय सांगावं, त्या डब्यानं घराची कळाच बदलली. सकाळी उठल्या उठल्या धम्मानंदचा पहिला सवाल, "पाहिला का?" प्रेमिला हात धुऊन, कोरडे करून डबा उघडायची, तिन्ही सिगार थोडे थोडे फिरवायची, एकेक कानाजवळ नेऊन हलकेच दाबून पाहायची. आतून करकर आवाज आला की म्हणायची, "अजून नाही." तो म्हणायचा, "बरं," आणि तोंड धुवायला पाणी मागायचा. महिनाभर ज्याला घास जात नव्हता तो अर्धी भाकरी खाऊ लागला. "ओढाले दम पाहिजे ना," म्हणायचा. वामनरावांना फोन करून म्हणाला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ओट्यावर खुर्चीत बसून ओढणार, येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाहिलं पाहिजे.

आणि तो संघपालबद्दल बोलू लागला. नऊ वर्षांत कोणी पोराचं नाव घेतलं की तो विषय बदलायचा. आता डबा उघडला की त्याच्या गोष्टी निघायच्या. कॉलनीतल्या टाकीवर चढून बसलेला संघा, दहावीच्या निकालाच्या दिवशी बाथरूममध्ये कडी लावून बसलेला संघा. प्रेमिला ऐकायची आणि हसायची आणि मध्येच उठून आत जाऊन तोंडावर पाणी मारून यायची. एकदा पायल म्हणाली, "आई, किती दिवसांनी हे घर घरासारखं वाटतंय." प्रेमिलालाही तेच वाटत होतं. डॉक्टरांनी सांगितलेला महिना सरत आला होता आणि माणूस तर खाटेवर उठून बसत होता!

एका सकाळी तिनं सिगार कानाशी नेऊन दाबला आणि आवाज आला नाही.

तिनं परत दाबला. पान बोटाखाली दबलं आणि हळूच वर आलं. रंग गडद झाला होता, पानावर तेलासारखी लकाकी आली होती, आणि वास! गुळाचा, ओल्या मातीचा, आणखी कशाचा तरी. तिची बोटं जन्माची पानवाली, त्यांना कोणी सांगायला नको होतं. सिगार तयार होता.

"झाला का?" धम्मानंदनं विचारलं.

प्रेमिलानं त्याच्याकडे पाहिलं. पिवळ्या पडलेल्या डोळ्यांत केवढी आस होती! एकदम तिच्या मनात आलं, हा माणूस या सिगारसाठी जगून राहिला आहे. डॉक्टरांच्या औषधानं नाही, तिच्या वरणानं नाही, या डब्यानं त्याला धरून ठेवलंय. आज हा ओढेल, पोराला जे सांगायचं ते सांगेल, आणि मग? मग उद्या सकाळी उठून काय विचारेल?

"अजून नाही," ती म्हणाली आणि झाकण लावलं.

आपलं खोटं तिला स्वतःलाच मोठ्यानं ऐकू आलं. पण दुसऱ्या दिवशी तो उठला, त्यानं विचारलं, तिनं नाही म्हटलं, त्यानं अर्धी भाकरी खाल्ली. मग तिला वाटलं, आपण बरोबर केलं. तिसऱ्या दिवशीही तेच. खोटं बोलायचं आणि एक दिवस पदरात पाडून घ्यायचा. सौदा तिला वाईट वाटेना. मनातल्या मनात ती पावसाळ्यापर्यंत जाऊन पोचली होती.

पायलनं एकदा सहज डब्यात हात घातला. "आई, हा तर मऊ झालाय गं. व्हिडिओत दाखवतात तसाच."

"तुले काय समजते त्यातलं? ठेव खाली!" प्रेमिला एवढ्या जोरात ओरडली की पायल दचकली. "वरून मऊ हाय, आतून कच्चा हाय. बिड्या तू वळल्या का मी वळल्या?"

पायलनं सिगार परत ताटलीवर ठेवला. खाटेवरून धम्मानंद हसून म्हणाला, "ऐक बाप्पा आईचं. कामठीची हाय ते."

त्याचा तिच्यावर केवढा विश्वास होता! प्रेमिलाला तेव्हा वाटलं, आत्ता सांगून टाकावं. पण तिनं डब्याचं झाकण लावलं आणि वेळ निघून गेली.

पुढच्या दोन दिवसांत धम्मानंद एकदम खचला. पोटात पाणी झालं, पाय सुजले, भाकरी सुटली, पेजेचा चमचासुद्धा ओठांवरून ओघळू लागला. सकाळचा सवालही उशिरा, झोपेतून बोलल्यासारखा आला. एक दिवस तो आलाच नाही. प्रेमिला डबा उघडून वाट पाहत उभी राहिली, तो डोळे मिटून धापा टाकत होता. तेव्हा मात्र ती डबा घेऊन खाटेवर वाकली.

"अहो, झाला! अहो ऐका ना जी, झाला सिगार!"

त्यानं डोळे उघडले. हळूहळू त्या डोळ्यांत ओळख आली, मग हसू आलं. "शर्ट," तो म्हणाला.

तिनं आणि पायलनं मिळून त्याला इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. तो त्याच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. ओट्यावर नेणं शक्यच नव्हतं. मागे तीन उशा लावून त्याला खाटेवरच जरासं उठवलं आणि कूलर बंद केला. प्रेमिलानं दाढीच्या नव्या ब्लेडनं सिगारचं बंद टोक बेतानं कापलं. पान उकललं नाही, इतकं सुरेख ओलावलं होतं. काडीच्या जाळावर दुरून फिरवत फिरवत तिनं दुसरं टोक शेकलं, ते लाल झालं, आणि तिनं सिगार त्याच्या ओठांत ठेवला.

"ओढा."

त्यानं ओढला. म्हणजे ओढायला गेला. गाल जरासे आत गेले, गळ्याची शीर ताणली गेली आणि खोकला आला, कोरडा, बिनआवाजाचा. सिगारमधून धूर आला नाही. तिनं परत काडी लावली. त्यानं परत ओठ मिटले, डोळे घट्ट मिटले, जीव गोळा करून ओढलं. काही नाही. टोकावरची लाली विझून काळी पडली. तिसऱ्यांदा सिगार त्याच्या ओठांतून सुटून शर्टावर पडला. पायलनं तो झटकन उचलला आणि तोंड फिरवून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

धम्मानंदनं शर्टावरचा काळा डाग बोटानं चाचपला. मग म्हणाला, "आजच झाला का?"

आता खोटं बोलायची प्रेमिलात ताकद नव्हती. "नाही जी. सहा रोज झाले."

"सहा."

"मले भेव वाटलं. ओढला का तुमी जासान, असं वाटलं मले. मी... मले आनखी थोडे रोज पाहिजे होते जी." ती त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडू लागली. "मले माफ करा. मी तुमचं सोनं मातीत घातलं."

तो उगी उगी म्हणाला नाही. त्यानं भिंतीकडे तोंड वळवलं, आणि जन्मभरात त्यानं तिच्याकडे अशी पाठ कधी केली नव्हती. त्याच्या डोळ्यातलं पाणी नाकावरून उशीवर उतरलेलं पायलला दिसलं. "मी उठून बसत होतो वं," तो म्हणाला. "खुर्चीत बसलो असतो मी सहा रोजापयले. लय वाईट केलं तू. पोराचं राहून गेलं माह्यं."

प्रेमिलाला वाटलं, यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीला टेकून बसून राहिली. पायलनं बापाचे ओठ ओल्या कापसानं पुसले. ऊन खिडकीतून खाटेच्या पायापर्यंत आलं.

"प्रेमिला," तो तोंड न वळवता म्हणाला.

"जी?"

"तू ओढ."

"मी?" जिनं हजारो बिड्या वळल्या तिनं एकही कधी तोंडाला लावली नव्हती.

"ओढ. आन मले सांग कसा हाय. खोटं नको सांगू आता."

तिनं सिगार घेतला. काडी पायलनं धरली. पहिल्या झुरक्यालाच ती गुदमरली, डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. पण धूर निघाला. निळा, दाट धूर, तो खाटेवर पसरला. धम्मानंदनं तोंड इकडे वळवलं.

"कसा हाय?"

"कडू हाय जी." चांगला आहे म्हणणं किती सोपं होतं! पण तिनं जिभेवर होतं तेच सांगितलं. "लय कडू. जीभ चरचरते."

"आनखी ओढ."

तिनं ओढला. धूर तोंडात धरला, सोडला. "आता कडू कमी झालं. मिऱ्यासारखं लागून राहिलं."

"मंग?"

"मंग... थांबा." परत ओढला. "गूळ जळल्यावाणी. भाजल्या शेंगदाण्यावाणी. आन मांगून गोड, जी. खरंच गोड. घशात राहते ते."

"गोड?"

"हव. पोरानं चांगला आणला होता जी."

धम्मानंदनं डोळे मिटले. त्याचे ओठ हलत होते, तिच्या झुरक्यासोबत मिटायचे, मग सैल व्हायचे. "सांग," तो पुटपुटला. "सांगत राय."

प्रेमिला सांगत राहिली. ती ओढायची आणि सांगायची. आता लाकडाचा वास येऊन राहिला, डब्याचा होता ना, तो. आता जायफळ घातल्यासारखं. आता जरा कडू, पण पहिल्यासारखं नाही. तिला खोकला यायचा, ढवळायचं, डोकं गरगरायचं, तरी ती परत ओठांना लावायची. राख वाटीत झाडायची आणि खाटेकडे वाकून, एकही चव राहून जाऊ नये म्हणून, सगळं त्याच्या कानाशी सांगायची. संघा म्हणत होता तेच खरं होतं जी, बिडी काय आहे याच्यापुढे. धूर खोलीभर झाला. सिगार अर्ध्याच्या खाली आला.

पायलनं मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आई."

"आता चिंचेसारखं काही तरी लागून राहिलं, आंबट-गोड..."

"आई, बस कर." पायलला रडू आवरत नव्हतं. "आई, बाबा गेले गं."

प्रेमिलानं मान हलवली. तिनं नवऱ्याच्या शर्टावर पडलेली राख बोटानं टिपून घेतली आणि सिगार परत ओठांकडे नेला.

"थांब वं," ती म्हणाली. "अजून थोडा राहिला हाय. त्याईले सांगू दे मले."